प्रायोगिक अणुभट्टीचं कवच बांधण्याआधी

कवच म्हणजे अपघात झाला तरी किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडू नयेत म्हणून अणुभट्टीभोवती बांधलेली बंदिस्त इमारत. ते म्हटलं की पहिला प्रश्न येतो भिंतीच्या जाडीचा. तो जरा बाजूला ठेवा. आधी कागदावर लिहून काढा की आत काय काय असणार आहे: इंधन किती, भट्टी किती शक्तीने आणि सलग किती दिवस चालणार, शीतक (भट्टीतली उष्णता वाहून नेणारा पदार्थ) कोणतं, त्यातून कोणते किरणोत्सारी पदार्थ साठणार. आयोडीन-131 चं अर्धायुष्य (निम्मा किरणोत्सार ओसरायला लागणारा काळ) आठ दिवसांचं, सीझियम-137 चं तीस वर्षांचं, आणि झेनॉन-क्रिप्टॉन हे वायू तर कणांच्या फिल्टरला दादच देत नाहीत. यातलं कोण किती आहे हे कळल्याशिवाय कवचाने नेमकं काय अडवायचं तेच ठरत नाही.

मग सगळ्यात वाईट काय घडू शकतं ते लिहा, आणि लिहिताना भट्टी बंद असतानाचे दिवस विसरू नका. 3 जानेवारी 1961 रोजी अमेरिकेतल्या आयडाहोमधली एसएल-1 ही छोटी भट्टी बंदच होती. मधली नियंत्रक दांडी (आत असली की अणुविखंडन रोखून धरणारी) पुन्हा जोडायची म्हणून हाताने थोडीशी उचलायची होती, ती जवळजवळ 50 सेंटिमीटर वर आली. 3 मेगावॉटच्या भट्टीची शक्ती काही मिलिसेकंदांत 20 हजार मेगावॉटच्या घरात गेली, आतलं पाणी झाकणावर आदळलं, टाकीच जागची वर उसळली. तिथे काम करणारे तिघेही गेले. ‘देखभालीच्या वेळी’ असं वेगळं सदर तुमच्या यादीत हवं, ते यासाठी.

भट्टी बंद केली म्हणजे चूल विझली असं होत नाही. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसभराने अर्धा टक्का. वीज नाही, पंप नाहीत असं धरून ही उष्णता इंधनापासून बाहेरच्या हवेपर्यंत कुठल्या वाटेने जाईल ते रेखाटा. वाट मध्येच तुटत असेल तर भिंत कितीही जाड करा, काही दिवसांनी तिच्यावरच संकट येतं.

शीतकाप्रमाणे पुढची तयारी बदलते. पाणी असेल तर वाफेचा दाब आणि हायड्रोजन दोन्ही मोजा. इंधनावरचं झिर्कोनियम धातूचं आवरण फार तापलं की वाफेशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो 4 टक्क्यांपासूनच पेटू शकतो. 28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात सुरू झाल्यावर सुमारे दहा तासांनी तो आत पेटला, दाब एकदम 28 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) चढला. कवच सुमारे 60 साठी बांधलेलं होतं म्हणून निभावलं. हायड्रोजन छताखाली आणि कोपऱ्यांत साचतो, म्हणून त्याला हवेतल्या ऑक्सिजनशी जुळवून पाणी करणारी, विजेविना चालणारी उपकरणं तिथेच बसवा. सोडियम असेल तर गोष्टच निराळी. तो पाण्याशी भडकतो, आणि काँक्रीटमध्ये पाणी असतंच, म्हणून काँक्रीटवर पोलादी अस्तर हवं, खोलीत नायट्रोजन किंवा आर्गन हवा, आणि त्या खोलीजवळ पाण्याचा बंब नको. पण अशा वायूने भरलेल्या खोलीत श्वासाला ऑक्सिजन नसतो, तिथे शिरणारा माणूस कुठलीही सूचना न मिळता गुदमरू शकतो. दारापाशी ऑक्सिजन-मापक लावल्याशिवाय ती खोली वापरात आणू नका.

फार लहान भट्टीत दाब निर्माण होण्याइतकी ऊर्जाच नसेल, तर इमारतीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवून सगळी हवा फिल्टरमधून काढणं पुरतं. हा मार्ग स्वस्त आहे म्हणून निवडू नका, गणित बसतंय म्हणून निवडा. कवच दरवेळी बांधलेल्या भिंतीचंच असतं असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसेंसची प्रायोगिक भट्टी डोंगरातल्या गुहेत होती. 21 जानेवारी 1969 ला इंधन वितळून नळी फुटली तेव्हा बहुतेक किरणोत्सार त्या खडकातच अडला.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम: भोकांची यादी. कवच भिंतीतून सहसा गळत नाही, ते भिंतीतल्या भोकांतून गळतं. प्रत्येक नळी, प्रत्येक केबल, प्रत्येक दार, प्रत्येक संवेदकाची तार, सगळ्यांना नंबर द्या, आणि नंबरासमोर सील कशाचं, किती तापमान सोसणारं, शेवटचं कधी तपासलं आणि कोणी, ते लिहा. आरपार जाणाऱ्या नळीवर दोन झडपा हव्यात, एक आत, एक बाहेर. वीज किंवा हवेचा दाब गेला की त्या आपोआप मिटल्या पाहिजेत, आणि दोघींची वीज एकाच तारेवरून येता कामा नये. अमेरिकेच्या अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात 22 मार्च 1975 ला केबलच्या भोकातून हवा ओढली जाते का ते पाहायला कामगारांनी पेटती मेणबत्ती धरली होती. ज्योत आत खेचली गेली, भोक बुजवायला वापरलेला पॉलियुरेथेन फोम पेटला, आणि विझेपर्यंत सोळाशेहून जास्त केबलींचं नुकसान झालं. म्हणून सीलचा माल न जळणारा घ्या, आणि गळती शोधायला साबणाचा फेस किंवा हेलियम वापरा.

एअरलॉकची (आत-बाहेर जायच्या दोन दारांच्या बंद खोलीची) दोन्ही दारं एकाच वेळी उघडू नयेत, अडकलेल्या माणसाला आतून बाहेर पडता यावं. एवढं पुरे.

फिल्टरमध्ये कणांसाठी वेगळा आणि आयोडीनसाठी कोळशाचा वेगळा थर लागतो. कोळसा दमट झाला की त्याची पकड सुटते, म्हणून त्याच्याआधी बाष्प काढणारं यंत्र आणि हीटर ठेवा. 1957 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या आग्रहाने चिमणीच्या माथ्यावर बसवलेल्या फिल्टरांनी बरेच कण अडवले. आयोडीन मात्र निसटलं आणि सुमारे 500 चौरस किलोमीटरमधलं दूध फेकून द्यावं लागलं.

गळतीची चाचणी घाईत उरकू नका. मोठ्या भट्ट्यांच्या कवचाला सहसा दिवसाला आतल्या हवेच्या 0.1 टक्क्याच्या आसपास गळती चालते. तुमच्या चाचणीत आतली हवा सायंकाळी फक्त एका अंशाने थंड झाली, तर दाब आपोआपच सुमारे 0.33 टक्के उतरतो. म्हणजे न झालेली गळती झाल्यासारखी दिसेल, आणि हवा तापत असेल तर झालेली गळती लपेल. त्यासाठी जमिनीपासून छतापर्यंत वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावा, आर्द्रता मोजा, आकडे स्थिर होईपर्यंत थांबा, आणि मगच 24 तासांची मोजणी सुरू करा.

प्रायोगिक भट्टीत दर नव्या प्रयोगाला नवी केबल, नवी नळी, कधी नमुना आत-बाहेर नेणारी वाट लागतेच. बांधतानाच काही वाटा राखून ठेवा, त्यांना वेल्ड केलेली टोपणं आणि नंबराच्या पट्ट्या लावा, म्हणजे पाच वर्षांनी कोणी काँक्रीट फोडायला येणार नाही. प्रयोग संपला की त्याची नळी कापून तशीच सोडू नका. तोंड बंद करून ते भोक पुन्हा दाबाखाली तपासा, आणि त्या नंबरासमोर तारीख घालून सही करा.