डिझायर की अमेझ? शोरूमच्या आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

धाकट्या भावाचं मन दोन गाड्यांत अडकलं होतं, मारुतीची डिझायर आणि होंडाची अमेझ. रोज रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि सकाळी मत बदललेलं असायचं. शेवटी एका रविवारी मी आईच्या शिलाईच्या डब्यातला टेप घेतला आणि त्याला मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेलं.

सुरुवात तिथूनच करा. या दोन्ही गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, आणि हा योगायोग नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत ठेवलं की कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. रुंदीतही फरक दोनच मिलिमीटरचा. त्यामुळे मापं घ्यायची ती गाडीची नाहीत, तुमच्या जागेची. शेजारच्या खांबापासून मागचं दार किती उघडेल? स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय, असेल तर खालच्या मजल्याची उंची किती, पाटीवर वजनाची मर्यादा काय लिहिली आहे? आमच्याकडे खांब असा आडवा येतो की मागचं दार अर्धंच उघडतं. म्हणजे आईला गेटबाहेरच बसवावं लागणार, हे गाडी ठरायच्या आधीच कळलं.

त्यानंतर घरातल्या सगळ्यात कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना शोरूममध्ये घेऊन जा. सेडानची सीट खाली असते, बसताना माणूस टेकत नाही, पडतो. आईला दोन्ही गाड्यांत मागे तीन-तीनदा बसवलं-उठवलं. सेल्समनला कंटाळा आला, येऊ दे. एका गाडीत ती दाराच्या चौकटीला धरून आपणहून उठली, दुसरीत भावाचा हात लागला. कुठली ते सांगत नाही, तुमच्या आईची उंची वेगळी असेल.

टेस्ट ड्राइव्हला मात्र वेळ काढा, खरा निकाल इथे लागतो. शोरूमवाले सकाळी अकराला रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटांची चक्कर मारून आणतात, त्यात सगळ्याच गाड्या छान वाटतात. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर मागा. संध्याकाळी सहानंतर एलबीएस मार्ग किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडसारखा गर्दीचा रस्ता, चार माणसं आत, एसी चालू, आणि वाटेत एक उड्डाणपूल, ज्याच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी लागेल.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर इथे दोघींच्या तऱ्हा वेगळ्या. डिझायरमध्ये एएमटी आहे. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तुमच्याऐवजी यंत्र करतं. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलतात. अमेझमध्ये सीव्हीटी, दोन पुलींमधला पट्टा, गिअर असे नाहीतच. मुंगीच्या गतीच्या ट्रॅफिकमध्ये ती लोण्यासारखी चालते, पण ओव्हरटेक करायला पाय दाबला की आधी इंजिन ओरडतं, मग गाडी निघते. मला रोजच्या ट्रॅफिकसाठी सीव्हीटी आवडली. भावाचा डोळा पेट्रोलवर होता.

त्याचंही चुकत नव्हतं. कंपनीचे आकडे एएमटीला लिटरमागे २५.७१ किलोमीटर आणि सीव्हीटीला १९.४६. रस्त्यावर दोन्ही घसरतात, पण नुसता हिशेब म्हणून धरा. महिन्याला ८०० किलोमीटर चालवलं तर एकीला ३१ लिटर, दुसरीला ४१. दहा लिटरचा फरक म्हणजे महिन्याचे हजाराच्या वर रुपये. तेवढ्यात मानेला आराम विकत घ्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सीएनजीच हवी असेल तर कंपनीतून बसवून येणारी डिझायरच. पण टाकी डिकीत बसते. गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवणार, ते आधी ठरवा. पेट्रोलमध्ये डिकी ३८२ आणि ४१६ लिटर, अमेझची थोडी मोठी. आकड्यावर जाऊ नका, घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि ठेवून बघा.

जमिनीपासूनची उंची डिझायरची १६३, अमेझची १७२ मिलिमीटर. गाडी भरली की दोन्ही खाली बसतात, तेव्हा सोसायटीच्या गेटावरचा तो उंच गतिरोधक भरल्या गाडीने पार करून बघा. तुंबलेल्या मिलन सबवेत मात्र दोन्ही सारख्याच निरुपयोगी. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलं आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला की आतला दांडा वाकतो. हा खर्च साध्या विम्यात सहसा बसत नाही. मुंबईत राहायचं तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घ्याच.

आता भाव. दोन्हीकडून एकाच दिवशी, तोलामोलाच्या व्हेरिएंटचं ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या आणि ओळ-ओळ शेजारी ठेवा. राज्यात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, दहा लाखांच्या वर गेली की १२. वरचं व्हेरिएंट या रेघेच्या आसपास असेल तर हिशेब पुन्हा करा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा भाव काढून पुढ्यात टाका. आमच्या एका कोटेशनमध्ये ‘हॅंडलिंग’ नावाची ओळ होती. याची सरकारी पावती मिळेल का, एवढंच विचारलं. पुढच्या कागदावर ती ओळ नव्हती.

गाडी ठरली की नोंदणीच्या आधी यार्डात जाऊन ती उन्हात बघा, तळघरातल्या ट्यूबलाइटखाली नाही. टायरवर चार आकडे असतात. ३४२५ म्हणजे २०२५ सालचा चौतिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा. रंगावर बोट फिरवा, दारांच्या कडा तपासा. एकदा नंबर पडला की ओरखडा फक्त पॉलिश होतो, गाडी बदलून मिळत नाही.