चियांग मायला जायचंय? मग मार्चमध्ये जाऊन या

कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन थायलंडमधल्या चियांग माय शहरात स्वस्तात राहायचा बेत असेल, तर आधी महिनाभर तिथे राहून पाहा. आणि तो महिना मुद्दाम वाईटच निवडा. डिसेंबरचं पुणं पाहून इथे घर घेणाऱ्याला एप्रिलची दुपार आणि पाण्याचा टँकर कुठे ठाऊक असतो? चियांग मायचंही तसंच. नोव्हेंबर ते जानेवारी हवा सुरेख; पण फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि जंगलं जळतात, आणि धुरात शहरालगतचा दोइ सुथेप डोंगरही दिसेनासा होतो. दमा असेल तर निर्णय तिथेच होऊन जाईल.

हॉटेल नको. स्वयंपाकघर असलेली जागा महिन्याच्या भाड्याने घ्या. पहिल्या आठवड्याचा खर्च हिशेबात धरू नका, तो पर्यटकाचा असतो. दुसऱ्या आठवड्यापासून विजेच्या बिलासकट सगळं वहीत लिहा. तूरडाळ, कणीक, पोहे कुठे आणि काय भावाने मिळतात तेही. (हिंग इथूनच न्या.) शाकाहारी असाल तर ‘जे’ (मांस-मासे अजिबात नसलेलं) हा थाई शब्द पाठ करा, नाहीतर भाजीतही माशाचा सॉस येतो.

एक सकाळ रुग्णालयात घालवून नेहमीच्या तपासण्यांचे दर विचारा.

निवृत्तांच्या व्हिसासाठी वय किमान ५० लागतं, आणि नेहमीचा मार्ग म्हणजे थाई बँकेत ८ लाख बात (थायलंडचं चलन) ठेवणं. एवढी रक्कम अडकवणं झेपेल का, हे तिकीट काढण्याआधीच घरात बोलून घ्या.