ग्राफिक्स कार्ड न घेता पीसी बांधताय? मग आधी रॅमचं बघा

सीपीयू आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असणं आता काही नवलाचं नाही, इंटेलचा सँडी ब्रिज आणि एएमडीचे पहिले एपीयू (अशा एकत्र चिपला एएमडीने दिलेलं नाव) दोन्ही २०११ मध्येच आले. पण अशा चिपवर पीसी बांधताना लोक अजूनही रॅमच्या बाबतीत तीच चूक करतात, आणि मीही केलीये.

चिप घेताना नाव नीट वाचा. रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर ग्राफिक्स बंद. आणि रायझन ७६०० सारख्यात जे ग्राफिक्स असतं ते स्क्रीनवर चित्र येण्यापुरतं, त्यावर गेमिंगची स्वप्नं बघू नका.

चिप बसवा, कूलर लावा, पुढे चला.

आता रॅम. इथे मी आठवडाभर डोकं फोडलंय. १६ जीबीची एकच स्टिक लावली होती, म्हटलं पुढे कधीतरी दुसरी घेऊ. गेम सुरू केला की अडखळायचा, मी ड्रायव्हर तीनदा टाकले, विंडोज परत टाकलं, चिपला शिव्या घातल्या. चिपची काहीच चूक नव्हती. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते, चिपमधल्या ग्राफिक्सला नसते, ते तुमच्याच रॅममधून खातं आणि सीपीयूही तिथूनच खातो. डीडीआर४ (रॅमचा प्रकार) ३२०० (तिचा वेग) ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की डेटा दोन वाटांनी येतो (यालाच ड्युअल चॅनल म्हणतात), म्हणजे ५१.२. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाकडे १२८ असतात, म्हणजे आपण आधीच मागे, त्यात एक स्टिक लावून अजून अर्धं कशाला करायचं? तेव्हा ८-८ च्या दोन घ्या, १६ ची एक नको. "रॅम किती जीबी एवढंच बघा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दोन घेतल्या तरी शेजारी-शेजारी खोचू नका, हा माझा दुसरा गाढवपणा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा, तरी मॅन्युअल एकदा बघाच.

मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू करा, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालेल (एएमडी बोर्डांवर कधी डीओसीपी, डीडीआर५ ला एक्स्पो असं नाव दिसेल). हे केलं नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत बसते आणि कोणी सांगतही नाही.

तिथेच यूएमए फ्रेम बफर सापडेल, म्हणजे ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली रॅम. व्हिडिओत बघून ८ जीबी देऊ नका, १६ मधले ८ गेले तर विंडोज आणि गेम राहणार कुठे? २ जीबी द्या, कमी पडलं तर विंडोज लागेल तशी अजून देतं. काही गेम मात्र सुरुवातीलाच व्हीआरॅम (ग्राफिक्सची मेमरी) मोजून कुरकुर करतात, तेवढ्यापुरतं ४ करून बघा.

मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला, ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या टॅबवर चॅनल बघून घ्या, डीडीआर४ असेल तर ड्युअल (नव्या आवृत्तीत २ x ६४-बिट) दिसलं पाहिजे. आणि टास्क मॅनेजरमध्ये १६ ऐवजी १४ च्या आसपास दिसलं म्हणून रॅम परत करायला धावू नका, ते २ जीबी तुम्हीच दिलेत.