पिशवी पलंगावर ओता: लहान मुलांच्या वॉर्डात आणि लसीकरणात या चुका टाळा

इन्सुलिनच्या सिरिंजला दोन रंगांची टोपणं असतात, लाल आणि नारिंगी. लाल म्हणजे ४० युनिटची, नारिंगी म्हणजे १०० ची, म्हणजे एका मिलीत जितके युनिट असतात तितक्या ताकदीच्या इन्सुलिनसाठीची. नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थिनीला विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेल. आणि तीच मुलगी रात्रपाळीला ट्रेमध्ये हाताला लागेल ती सिरिंज उचलेल. लहान मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढली. पुस्तकात नाही म्हणून चूक झाली असं फार कमी वेळा पाहिलं. हातात काय आहे ते न बघितल्यामुळे झालेल्या चुका मात्र मोजत बसले तर पाळी संपेल.

म्हणून सुरुवात त्या टोपणांपासूनच.

४० आणि १००

नऊ वर्षांचा मुलगा, टाइप १ मधुमेह. शहरातल्या रुग्णालयात इन्सुलिन सुरू करून त्याला घरी सोडलं होतं. संध्याकाळचा डोस १२ युनिट. तीन आठवड्यांनी आमच्याकडे आला तेव्हा शुगर चारशेच्या वर. गणपतीचे दिवस होते, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, "मोदक किती खाल्ले?" आई रडकुंडीला येऊन सांगत होती, "एकपण दिला नाही ओ सिस्टर." कुणाचा विश्वास बसला नाही, माझाही नाही. डोस १६ केला गेला. चार दिवसांनी पोरगा परत हजर, शुगर तेवढीच. आता मात्र दाखल करून घेतलं. आईला "पथ्य नीट पाळा" म्हणून दोन शब्द सुनावणारी मीच होते, तेही इथे लिहून टाकते.

पहिल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिरिंजने १६ युनिट दिले. पहाटे तीनला आई धावत आली, "घामानं भिजलाय, काहीतरी बरळतोय." एचजीटी केली, म्हणजे बोटाच्या थेंबावर शुगर तपासली, ४८, फारच खाली. शुद्धीत होता, गिळत होता, म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग दूध-बिस्किट. सगळं शांत झाल्यावर त्या माऊलीने जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. "घरी एवढंच देऊन उतरत नव्हती, मग इथं एका रात्रीत कशी उतरली?"

तिची कापडी पिशवी पलंगावर ओतली. बाटली ४० ची. सिरिंजा सगळ्या नारिंगी टोपणाच्या. शहरातून दिलेल्या लाल संपल्या होत्या आणि मेडिकलवाल्याने "तेच आहे, फक्त टोपण वेगळं" म्हणून हातात ठेवल्या होत्या. १०० च्या सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.१२ मिली. ४० च्या औषधात तेवढ्यात पाच युनिटसुद्धा बसत नाहीत. १६ च्या रेघेला साडेसहाच्याही आत. पोरगा तीन आठवडे अर्ध्याहून कमी इन्सुलिनवर होता. आम्ही त्या खोट्या हिशेबावर डोस वाढवला आणि मग खऱ्या सिरिंजने तो पूर्ण दिला.

उलटी चूक याहून वाईट. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १०० चं असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातून लाल सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत २५ युनिट जातात, म्हणजे अडीच पट. असं करणारे लोक आहेत, आणि ते सगळेच अडाणी नसतात.

माझी पद्धत साधी आहे. मधुमेहाचं मूल आलं की आधी पिशवी पलंगावर ओतायला सांगते. बाटली, सिरिंज, सुया, मीटर, पट्ट्या, सगळं. मग आईला, आणि मूल मोठं असेल तर मुलालाच, माझ्यासमोर डोस ओढून दाखवायला लावते. तोंडी विचारत नाही. तोंडी सगळ्यांचं बरोबरच असतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा बोट ठेवून वाचायचा, दोन्ही सारखे दिसले तरच पुढे. दहा मिनिटं जातात. नवीन मुलींना ही दहा मिनिटं फार वाटतात, कारण केसपेपर भरायचे राहिलेले असतात. राहू देत.

ओतलेल्या पिशवीतून आणखीही काही बाहेर पडतं. दोन महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली निघते. फ्रीजरमध्ये गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन निघतं, ते फेकायचंच. घरात फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं चांगलं काम देतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पोटावर हात फिरवून बघा. रोज एकाच जागी टोचल्याने गाठ झाली असेल तर तिथलं औषध नीट लागत नाही. मुलांना तीच जागा आवडते, कारण तिथे दुखत नाही.

दम लागलाय म्हणजे न्यूमोनियाच?

मधुमेहाचं निदान झालेलं नसतं तेव्हाची ही चूक. मूल जोरजोरात खोल श्वास घेत येतं, छाती मात्र स्वच्छ. नेब्युलायझर लावतात, अँटिबायोटिक सुरू होतं, पोट दुखतंय म्हणून सर्जनला फोन जातो. आईला विचारलं तर ती सांगते, पंधरा दिवसांपासून रात्री अंथरूण ओलं करतोय, आधी कधी करत नव्हता, आणि जिथे लघवी करतो तिथे जमिनीवर मुंग्या जमतात. एवढं ऐकल्यावर आणखी काय हवं? माझ्या वॉर्डात धाप लागलेल्या, उलट्या होणाऱ्या किंवा गुंगीत असलेल्या प्रत्येक मुलाची एचजीटी दारातच होते. डॉक्टरांनी लिहायची वाट बघत नाही. एका थेंबाचं काम आहे.

श्वास मोजायचे ते मात्र पूर्ण मिनिटभर, मूल शांत असताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या मुली मला चालत नाहीत. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, इतके किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, आणि हे आकडे पूर्ण मिनिटाचे आहेत.

"सर्दी आहे, पुढच्या वेळी या"

या वाक्याचा मला खरोखर राग येतो.

आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि निम्मी गावं कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात जातात. परत येतात ते उन्हाळ्याच्या तोंडाला. अशाच एका ऑक्टोबरात नऊ महिन्यांची मुलगी गोवर-रुबेलाच्या लसीला आली. नाक वाहत होतं, अंग किंचित कोमट. नवीन सिस्टरने तिला परत पाठवलं, "बरी झाली की आणा." आईने मान डोलावली. चौथ्या दिवशी ते कुटुंब गाडीत बसून गेलं. ऊसतोडीच्या फडावर कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, एकमेकींना खेटून असतात, तिथे गोवर शिरला की तो थांबत नाही. मार्चमध्ये ती मुलगी गोवर होऊन गेल्यावरचा न्यूमोनिया घेऊन आमच्याकडे दाखल झाली. वाचली. पण सोडताना तिचं वजन ऑक्टोबरच्या कार्डावरच्या वजनापेक्षा कमी होतं.

साधी सर्दी, खोकला, थोडा ताप, जुलाब, चालू असलेलं अँटिबायोटिक, कमी वजन, यातलं काहीही लस नाकारायचं कारण नाही. आधीच्या डोसनंतर जिवावर बेतणारी ॲलर्जी आली होती, किंवा मूल आत्ता दाखल करण्याइतकं आजारी आहे, तर थांबा. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल किंवा प्रतिकारशक्तीचाच आजार असेल, तर बीसीजी (क्षयाची लस), गोवर-रुबेला यांसारख्या जिवंत लसींआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या मुलांना तर लस अधिक गरजेची, कारण साध्या तापातही त्यांची शुगर उधळते.

परत पाठवायचा हा रोग मोडायला मी एक युक्ती केली. ज्या बाळाला परत पाठवाल त्याच्या नावापुढे रजिस्टरमध्ये कारण लिहायचं आणि खाली पूर्ण नावाने सही करायची. "नाक वाहते" असं लिहून सही करायला कुणाचा हात धजावत नाही. लस दिली जाते.

उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करणं हीसुद्धा चूकच. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, एक डोस झाला असेल आणि मध्ये पाच महिने गेले, तरी पुढचा दुसराच. आणि कार्ड कुटुंबाबरोबर गेलं पाहिजे. ते आशाताईंच्या कपाटात सुरक्षित राहून काय उपयोग?

लस मिसळताना

गोवर-रुबेला आणि बीसीजी पावडरीच्या रूपात येतात, सोबत त्यांचं स्वतःचं द्रावण येतं. तेच वापरायचं, तेही लसीइतकंच थंड करून. "पाणीच तर आहे" म्हणणाऱ्यांना मी सामोआची गोष्ट सांगते. २०१८ च्या जुलैमध्ये तिथे दोन परिचारिकांनी गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीत द्रावणाऐवजी भूल देताना वापरायचं, मुदत संपलेलं औषध मिसळलं. दोन बाळं गेली, परिचारिकांना तुरुंगवास झाला. लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण काही महिने बंद पडलं. २०१९ मध्ये त्या एवढ्याशा देशात गोवराची साथ आली आणि ८३ माणसं मेली, त्यात बहुतेक लहान मुलं. सामोआ लांब वाटत असेल तर यवतमाळ जिल्हा घ्या. २०२१ च्या पोलिओ मोहिमेत बारा मुलांच्या तोंडात लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. नशिबाने सगळी बरी झाली.

लसीच्या डब्यात लस आणि तिचं द्रावण, एवढंच. त्याच फ्रीजमध्ये दुसरं औषध नाही, आणि स्टाफचं दहीसुद्धा नाही. मिसळल्याची वेळ बाटलीवर पेनाने लिहा. चार तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, बाटली बाद. "अजून तीन डोस आहेत, उद्या वापरू" हा काटकसरीचा विचार इथे बाळाच्या जिवावर उठतो, कारण मिसळलेल्या लसीत जंतू वाढतात. पेंटा, पोलिओची खुली बाटली नियमांत बसत असेल तर २८ दिवस चालते म्हणून गोवराचीही चालेल असं नाही.

आइस पॅक डीप फ्रीजरमधून काढून थेट डब्यात घालू नका. कानाशी धरून हलवा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मग घाला. पेंटा गोठली की मेली, आणि तिच्याकडे बघून ते कळेलच असं नाही.

तापाचं औषध, थेंब की चमचा

पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारणपणे एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५. थेंबांच्या बाटलीतलं औषध चमचाभर पाजलं तर पाच किलोच्या बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. त्याला हवं असतं ७५ च्या आसपास, म्हणजे पाऊण मिली. "तापाचं औषध द्या" एवढंच सांगून आईला वाटेला लावू नका. तिच्या घरात आधीपासून कोणती बाटली आहे ते विचारा, ड्रॉपरवर पेनाने खूण करून द्या.

बाकीच्या, थोडक्यात

पेंटा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. बाळाच्या कुल्ल्यात कधीही नाही, तिथली नस दुखावते.

टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. बीसीजीची फोड काही आठवड्यांनी पिकते आणि आपली बरी होते. हळद, मलम काही नको.

कावीळ-बीची जन्मवेळची लस २४ तासांच्या आत. बाळ रविवारी जन्मलं म्हणून ती सोमवारवर ढकलायची नसते.

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच. चिमूट चिमूट ग्लासात घालून नाही. झिंक १४ दिवस, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरीही.

गोवराच्या मुलाला जीवनसत्त्व-अ लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशीचा डोस हमखास राहतो, कारण पाळी बदललेली असते आणि पुढच्या पाळीला ओव्हर देताना, म्हणजे काम सोपवताना, कुणी बोलत नाही.

थायरॉइड कमी असलेल्या बाळाची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून चमच्यानेच द्यायची, पूर्ण बाटली दुधात टाकून नाही. बाळाने बाटली अर्धी सोडली की डोसही अर्धा. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध त्याच वेळी नको. आणि ज्या बाळाचं सगळे "किती गुणी, रडतच नाही" म्हणून कौतुक करतात, ज्याची कावीळ लांबलीय, शी होत नाही, आवाज घोगरा आहे, त्याची थायरॉइड तपासणी झाली का ते विचारा. टाचेच्या रक्ताचा नमुना टाचेच्या कडेला टोचून, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत. पहिल्याच दिवशी घेतला तर टीएसएच (थायरॉइड तपासणीत मोजतात ते संप्रेरक) उगाच वाढलेलं दिसतं आणि आई-बाप घाबरतात.

ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारासाठी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या मुलाला ताप आला तर ते औषध बंद करायचं नसतं, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे वाढवायचं असतं. उलट्या होत असतील तर वाट न बघता इंजेक्शनसाठी आणायचं. हे केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहा.

लसीनंतर अर्धा तास थांबवा. "एसटी सुटेल" हे उत्तर येणारच, आणि ते खोटंही नसतं, दुसरी गाडी चार वाजता असते. म्हणून लसीकरणाच्या खोलीत मी गाड्यांच्या वेळा भिंतीवर लावल्या आहेत. ज्यांची गाडी आधी, त्यांच्या बाळाला लस आधी. बाकीच्या रांगेतून थोडी कुरकूर होते.