साक्षीच्या पिंजऱ्यात डॉक्टर

धुळे-जळगावच्या सत्र न्यायालयात पहिल्यांदाच साक्षीला जाताय? आदल्या रात्री शवविच्छेदनाचा अहवाल शब्द न् शब्द वाचा. जखमेची लांबी, खोली, कडा चिरलेल्या की चेचलेल्या, सगळं डोक्यात हवं.

विहिरीत सापडलेल्या मृतदेहाचं प्रकरण असेल, तर उलटतपासणीत हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, डोक्याची जखम कपारीवर आपटूनही होऊ शकते ना?" शक्य असेल तर बेधडक "हो" म्हणा. पण टाळूवर तीन समांतर जखमा असतील, तर त्या एका पडण्याशी जुळत नाहीत, हेही तिथेच सांगा.

"खून झाला" असं मात्र म्हणू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली तुमचं मत विचारात घेतात; निकाल न्यायाधीशच देतात. आणि सरकारी वकिलांना खूश करायला तर मुळीच जाऊ नका.