ई-सायकलला मिड-ड्राइव्ह की हब मोटर? आधी रोजचा चढ पाहा

कोथरूड ते डेक्कन असा बऱ्यापैकी सपाट रस्ता असेल तर मागच्या चाकातली २५० वॉटची हब मोटर पुरते. सिंहगडाचा घाट मात्र वेगळी गोष्ट. तिथे चाक हळू फिरतं, म्हणून हब मोटरही हळू फिरते, करंट जास्त ओढते आणि तापते. मिड-ड्राइव्ह पेडलच्या दांड्यापाशी असते. तिची ताकद चेनमधून गिअरवर जाते, त्यामुळे मागची मोठी चकती लावली की मोटर आपल्या सोयीच्या वेगात राहते.

याची किंमत चेन मोजते. चेन-गेज (चेनची झीज मोजायची पट्टी) घ्या, चेन ०.७५ टक्के लांबलेली दिसायच्या आत ती बदला, नाहीतर चकत्याही जातात. गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर सोडा. भर चढावर जोरात बदललात तर चेन तुटू शकते.

हबची खरी कटकट पंक्चरची. आधी मोटरच्या वायरचा कनेक्टर काढा, मग बहुधा १८ मिमीच्या पान्याने नट. बसवताना टॉर्क वॉशर जागेवर हवाच; तो विसरला तर ॲक्सल फिरून वायर पिळते.