पुस्तक धाकट्याचं, प्रश्न थोरलीचे : वेगवेगळ्या वयांच्या मुलांना घरी एकत्र कसं शिकवायचं

आमच्याकडे तीन मुलं घरीच शिकतात. थोरली बारा वर्षांची, मधला नऊचा आणि शेंडेफळ पाचाचं. शाळेच्या हिशेबात सातवी, चौथी आणि बालवाडी. गेल्या वर्षी सुरुवात केली तेव्हा मी भिंतीवर तीन रंगांत तीन वेळापत्रकं लावली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा कागद धाकट्याच्या विमानांसाठी गेला आणि मला वाईटही वाटलं नाही. एकीचा भूगोल आटपून दुसऱ्याचा उघडेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जात होत्या.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. दोघांनाही थोरलीच्या, म्हणजे तेव्हा सहावीच्या, पुस्तकांना बसवलं. मधला हुशार आहे, ओढला जाईल, असा हिशेब. दिवाळीपर्यंत तो पुस्तक दिसलं की पाणी प्यायला उठायचा आणि थोरली त्याच्यासाठी थांबून थांबून कंटाळली होती. या दोन फजित्यांनंतर जे जमलं ते खाली पायऱ्यापायऱ्यांनी लिहिते आहे.

यात नवं काही नाही, हे आधीच सांगते. आपल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत हेच चालतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एका गुरुजींच्या वाट्याला दोन-तीन इयत्ता येणारच. त्यांची जुनी युक्ती तुमच्या आईवडिलांना विचारा, ते सांगतील : एका वर्गाला तोंडी, दुसऱ्याला लेखी. आपल्याकडे तर जेमतेम तीन डोकी आहेत.

पायरी १ : जोडायचे विषय आणि न जोडायचे विषय वेगळे काढा

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे असे विषय, ज्यांत धडा मागेपुढे झाला तरी बिघडत नाही : इतिहास, परिसर अभ्यास, भूगोल, विज्ञानाचे प्रयोग, गोष्टी आणि कविता, चित्रकला. हे जोडायचे. उजवीकडे असे, ज्यांत आधीची कडी पक्की नसेल तर पुढची अडकत नाही : गणित, लिहा-वाचायला शिकणं, व्याकरण, इंग्रजीचा पाया. हे ज्याचे त्याचे.

गणिताबद्दल मी हट्टी आहे. पोळ्यांचे तुकडे करता करता अपूर्णांक येतात, भाजीच्या पिशवीत सगळं गणित आहे, असं ऐकायला फार छान वाटतं. पोळीमुळे अर्धा आणि पाव कळतो, हे खरं. पण छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज पोळीवर येत नाही, ती वहीवर येते आणि तीस उदाहरणं सोडवल्यावर येते. बाजारात गणित वापरायचं, शिकवायचं मात्र प्रत्येकाला त्याच्या पुस्तकातून.

पायरी २ : मूल कुठे आहे ते वयावरून ठरवू नका

बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. तिसरी ते सातवीची मराठीची आणि तिसरी ते पाचवीची परिसर अभ्यासाची पुस्तकं उतरवून ठेवा, किंवा शेजाऱ्यांकडे मागा. वार्षिक परीक्षा झाल्यावर लोक आनंदाने देतात.

मग मुलाला प्रत्येक पुस्तकातलं मधलं एक पान मोठ्याने वाचायला सांगा. अडलेल्या शब्दागणिक आपण मुकाट्याने एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक आज त्याला एकट्याने वाचायला जड आहे. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून विचारायचं, “काय होतं यात?” काही मुलं घडाघडा वाचतात आणि सांगता मात्र काहीच येत नाही. आमचा मधला त्यातलाच. त्याच्या वाचनावर भाळूनच मी त्याला सहावीत बसवलं होतं.

पायरी ३ : पातळी निवडा

बहुतेकांची गाडी इथेच अडते. दोन मुलांत वर्ष-दीड वर्षाचंच अंतर असेल तर विचार करायचं कारण नाही, दोघांना सगळ्या जोडविषयांत एकाच इयत्तेला ठेवा. कुणीही नापास करायला येत नाही. अंतर दोन ते चार वर्षांचं असेल तर माझा नियम : पुस्तक धाकट्याचं, प्रश्न थोरल्याचे.

सोपं पुस्तक मोठ्या मुलाला पाच मिनिटांत संपतं आणि मग विचार करायला त्याला पाऊण तास मोकळा मिळतो. जड पुस्तकात लहान मूल पाचव्या मिनिटाला हरवतं आणि पुढचा पाऊण तास हरवलेलंच राहतं. अंतर पाचाच्या पुढे गेलं तर एकत्र ऐकणं आणि एकत्र करून पाहणं एवढंच जोडा, वाचन-लेखन सोडून द्या.

विषय मात्र असा निवडा, जो दोघांच्याही अभ्यासक्रमात कुठेतरी येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत असे विषय भरपूर आहेत, कारण तीच गोष्ट दोन-तीन वर्षांनी अधिक खोल येते. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपती आहेत, सातवीच्या मध्ययुगीन इतिहासातही आहेत. माझं काम अर्धं तिथेच झालं.

पायरी ४ : एक आठवडा प्रत्यक्ष

आम्ही सासवडला राहतो. गच्चीवरून पुरंदर दिसतो, त्यामुळे पुरंदरचा तह हा धडा आम्ही मुद्दाम आधी घेतला.

सोमवारी फक्त ऐकणं. चौथीचं पुस्तक, मी वाचणार, तिघं चटईवर. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान आले, वेढा पडला, वज्रगड गेला, मुरारबाजी पडले. मध्येच थांबून विचारायचं, “आता महाराजांनी काय करावं?” मधला म्हणाला, लढावं. थोरली म्हणाली, सैन्य किती होतं ते आधी सांग. पाच वर्षांचा म्हणाला, पळावं. तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली.

मंगळवारी गच्ची. वज्रगड हा पुरंदरचा जोडकिल्ला, मध्ये भैरवखिंड. मधल्याला काम : दिसतं तसं दोन डोंगरांचं चित्र काढ आणि नावं लिही. थोरलीला काम : दिलेरखानाने आधी वज्रगडच का घेतला, ते या चित्रावरून मला पटवून दे. चित्र त्याचं, युक्तिवाद तिचा. तिला त्याचं चित्र नीट हवं होतं म्हणून ती त्याच्या शेजारी उभी राहून खिंड खोल काढ, अजून खोल काढ, असं सांगत होती. मी काही बोलले नाही.

बुधवारी नकाशा आणि आकडे. जून १६६५ च्या तहात महाराजांनी २३ किल्ले आणि चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना दिला. १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख स्वराज्यात राहिला. मधल्याने आधी सगळे किल्ले मिळून किती ते काढलं, ३५. मग महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशावर दिलेल्यांपैकी पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली, कर्नाळा लाल केले आणि राखलेल्यांपैकी राजगड, तोरणा, रायगड भगवे. थोरलीला शेकडा काढायला सांगितलं. किल्ले गेले सुमारे ६६ टक्के, उत्पन्न गेलं ८० टक्के. ती आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, “म्हणजे गेले ते जास्त कमाईचे?” हा प्रश्न सातवीचा आहे आणि तो चौथीच्या पुस्तकातून निघाला.

गुरुवारी लेखन. मधल्याने पाच ओळी : काय झालं. थोरलीने एक पान : हा तह करावा की नाही, दोन्ही बाजू. शेंडेफळाने तोंडी सांगायचं, मी त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. त्याचं एकच वाक्य होतं : “मुरारबाजी पळाले नाहीत.”

शुक्रवारी पुढची गोष्ट. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला तो प्रसंग वाचला आणि मधल्याने विचारलं, “परतच घ्यायचे होते तर दिले कशाला?” माझ्या नियमाप्रमाणे हा प्रश्न थोरलीचा असायला हवा होता. नियम मी तरीही ठेवला आहे, पण तो सैल धरलेला बरा.

विज्ञानाचंही असंच. पाण्याची वाफ होते हा प्रयोग एकच, ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवायचं. लहान्याने रोज बघून चित्र काढायचं, मोठीने उरलेलं मीठ वजन करून घातलेल्याशी पडताळायचं. सोनाराचा काटा नसेल तर किलोभर पाण्याला शंभर ग्रॅम मीठ घ्या, घरच्या काट्यावरही फरक कळतो, फक्त ताटल्या जास्त लागतात.

दिवाळीतला किल्ला तर आयताच आलेला अभ्यासक्रम आहे. माती कालवायची पाच वर्षांच्याने, अळीव आणि मोहरी पेरून कोंब मोजायचे नऊच्याने, आणि राजगड करायचा असेल तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि बालेकिल्ला प्रमाणात बसवायचा बाराच्याने.

पायरी ५ : घड्याळ

सकाळी नऊला गणित. थोरली सोडवलेलं उदाहरण वाचून स्वतः सुरू करते, मी पंचवीस मिनिटं मधल्याजवळ. मग त्याला सरावाची दहा गणितं आणि मी तिच्याजवळ. तोंडी आणि लेखी, गुरुजींचीच युक्ती. दहाला खाणं. सव्वादहा ते सव्वाअकरा जोडविषय. त्यानंतर मराठी आणि इंग्रजी, ज्याचं त्याचं, रोज एकाआड एक. साडेबाराला पुस्तकं बंद. शाळेइतके तास बसवायचा मोह होतो, पण शाळेत त्यातला बराच वेळ हजेरी, रांगा आणि चाळीस वह्या तपासण्यात जातो.

लहानग्याला मोजू नका. तो जोडतासाला वीस मिनिटं ऐकतो, मग टेबलाखाली जातो. त्याच्यासाठी परातीत रवा पसरून ठेवा, बोटाने अक्षरं गिरवेल. आमच्याकडे त्याने दगडांचं सैन्य केलं आणि सगळ्यात मोठ्या दगडाचं नाव दिलेरखान ठेवलं. म्हणजे टेबलाखालीही ऐकू जातं.

पायरी ६ : दोन ठिकाणी सावध

थोरलीला बाई करू नका. धाकट्याला एखादी गोष्ट समजावल्याने तिचंही पक्कं होतं, हे मान्य. पण आठवड्यातून एकदा, आणि तिने स्वतःहून घेतलं तर. “जरा त्याला पाढे घे गं” हे वाक्य माझ्या तोंडी रोज यायला लागलं, तेव्हा तिने एकदा शांतपणे विचारलं, “मग माझं कोण घेणार?”

दुसरं अधिक नाजूक. धाकटा एखाद्या विषयात मोठ्याच्या पुढे असतो, आणि एका टेबलावर ते झाकून राहत नाही. अशा विषयात त्यांना जोडू नका, जोडविषयांच्या यादीत तो असला तरी. मोठ्याला वाचायला कष्ट पडत असतील तर जोडतासात मोठ्याने वाचायचं काम कायम आपल्याकडे ठेवा, आणि वह्यांवर इयत्ता लिहूच नका. आमच्या वह्यांवर विषय आणि महिना एवढंच असतं. नोंदीसाठी दर शुक्रवारी प्रत्येकाचं एक पान तारीख घालून फायलीत जातं. नातेवाईक विचारतातच, तेव्हा ती फाईल पुढे करायला बरी पडते.

पायरी ७ : जोड कधी सोडवायची

परीक्षा जवळ आली की. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेत दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम आहे, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे विषय थोडे थोडे करून देता येतात. त्याआधी हवे असतील तर त्यांचेच तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क स्तर आहेत. राज्य मंडळाकडून दहावी द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म. त्याच्या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्यांवर लक्ष ठेवा.

परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, तिथे धाकट्याचं पुस्तक चालत नाही. म्हणून साधारण तेराव्या वर्षापासून थोरल्याचे विषय एकेक करून बाजूला काढायला लागा : आधी विज्ञान, मग भूगोल, सगळ्यात शेवटी इतिहास. थोरलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने एकच अट घातली. सोमवारचं मोठ्याने वाचणं तिला सोडायचं नाहीये, पुस्तक पाचवीचं असलं तरी.